डिस्चार्ज

आडनाव झोपे,
आणि रात्रीतून पाच वेळा उठायचं.
सावद्यात हा विनोद मीच आधी करून टाकायचो,
दुसऱ्या कोणाला संधी नको.

बत्तीस वर्षं ठिबक बसवलं मी,
रावेर, यावल, पार चोपड्यापर्यंत.
केळीच्या ओळीत उकिडवं बसायचं,
ड्रीपरखाली मोजपात्र, मनगटावर घड्याळ:
तासाला चार लिटर आलं पाहिजे.
कमी आलं, तर नळीत क्षार साचलाय,
आम्ल सोडा, शेवटचं टोक उघडा, धुऊन काढा.
भाऊ, मी सांगायचो, रोग ड्रीपरला नसतो,
वरच्या अंगाला बघा.

स्वतःच्या वरच्या अंगाला बघायला
सहा वर्षं लावली.

मोरीतला दिवा लावायचा नाही, द्वारकाची झोप मोडेल.
अंधारात भिंतीला कपाळ टेकून उभं राहायचं.
थेंब. थांबणं. थेंब.
नळ किंचित सोडून ठेवायचा,
त्याचं बघून तरी येईल.
भाच्याच्या लग्नात वरण-बट्टीवर
घोटभर ताकही घेतलं नाही,
बस मध्ये कुठेच थांबणार नव्हती.

जळगावला डॉक्टर कोठावदेंनी
एका नरसाळ्यात लघवी करायला लावली.
खाली यंत्र, यंत्राला कागद, कागदावर रेघ.
रेघ टेकडीसारखी उठायला हवी,
माझी बांधासारखी आडवीच.
सेकंदाला पाच मिली.
मी सवयीने गुणाकार केला: तासाला अठरा लिटर.
ड्रीपर म्हणून पास.
माणूस म्हणून नापास.

कापायचं नाही, ते म्हणाले.
आहे त्याच वाटेने दुर्बीण जाईल,
लेसरने गाठ आतून सोडवायची,
सीताफळाचा गर सालीतून सुटतो तशी. साल तिथेच राहते.
मग मुलाला बाहेर पाठवलं, आवाज खाली आणला:
यानंतर बीज बहुधा बाहेर पडणार नाही,
मागे आतच जाईल. चालेल ना?
मी एकोणसत्तरचा. चालेल म्हणालो.
सही करताना पेन मात्र अडलं.
त्याला तर प्रोस्टेटही नाही.

कमरेखालचा मी बधिर, वरचा जागा.
पडद्यावर माझ्याच आतलं लालसर भुयार,
त्यात सतत वाहतं पाणी
आणि धाग्याएवढ्या तारेच्या टोकाशी
एक हिरवा ठिपका, कामात गर्क.
मी विचारलं, पाणी किती प्रेशरला ठेवलंय?
पायाकडून कोणीतरी हसलं.

अठ्ठावन्न ग्रॅम निघालं. बरणीत, तपासणीला.
वीस रुपयांच्या पाकिटात
एवढेच तर केळीचे वेफर्स येतात.
एवढ्याशासाठी सहा वर्षं!

पिशवीतलं पाणी रात्रभर लाल,
पहाटे गुलाबी,
दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी.
सिस्टर वसावे नवापूरच्या. नळी काढली, म्हणाल्या,
बाबा, पाणी प्या, आणि लागली की यात करा, मोजायचंय.
हातात मोजपात्र दिलं.

उभा राहिलो. कपाळ कशाला न टेकता.
प्लॅस्टिकवर जो आवाज झाला
तो पडद्यापलीकडच्या पारोळ्याच्या म्हाताऱ्याने ऐकला.
म्हणाला, “माले बी आसंच व्हई का, दादा?”
मला उत्तर देता आलं नाही,
मी आकडा वाचत होतो.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं:
काही आठवडे थोडं ठिबकेल, घाबरू नये.
म्हटलं, डॉक्टर, जन्मभर हेच तर विकलं.

परवा रात्री अडीचला डोळे उघडले.
लागली नव्हती. सवय उठवून गेली.
पडून राहिलो पंख्याकडे बघत.
अंधारातून द्वारका बोलली,
“गेले नाही?”
“नाही. तू कशी जागी?”
“मी तं पाचई डाव उठे तुमच्यासंग.
तुम्ही येऊन पडेपर्यंत डोळे मिटून ऱ्हाये.”

मग तिने दिवा लावला.
दोन पस्तीस.
आता उठलोच आहोत, म्हणाली,
तर चहा टाकू का?