करवली

हेमांगीने नाही म्हटलं ते एका मंगळवारी.
मी डंडीच्या बस स्टँडवर, हातात चिप्सचा गरम पुडा,
टे नदीवरचा वारा कागद ओढून नेऊ पाहत होता.
"लग्नाला येईन गं. पण करवली नको.
तुझ्या मागे उभी नाही राहणार."
आणि शेवटी पूर्णविराम.
ती कधी पूर्णविराम देत नाही.

बेचाळिसाव्या वर्षी बोहल्यावर चढणाऱ्या बाईने
चव्वेचाळीस वर्षांची करवली मागावी,
हे खरं तर हसण्यावारीच न्यायचं.
मीही लिहिलं, "अगं, चालेल की!"
आणि बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर,
चिप्स पार गार होईपर्यंत
बोटांवरचं मीठ चाटत राहिले.

रात्री हिशेब मांडला. मांडतोच माणूस.
तिच्या व्हिसाच्या वेळी दिलेले सहाशे पौंड.
तिचं अपेंडिक्स, आणि नाइनवेल्सच्या खुर्चीत माझ्या दोन रात्री.
आईच्या तेराव्याला तिला जाता आलं नाही
तेव्हा मी केलेली खीर,
खाली लागलेली, तरी तिने संपवलेली.
जमेची बाजू लांबत गेली, मला बरं वाटत गेलं,
आणि मग ते बरं वाटणंच
जिभेला कडू लागलं.

गॅविन म्हणाला, विचार ना तिला, का म्हणून.
त्याच्या भाषेत हे इतकं सोपं आहे.
आमच्यात 'का' विचारलं
की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं
आणि ते आपल्याला ऐकावं लागतं.

मी रागात कपाट आवरते. तसं आवरताना
जुना लॅपटॉप हाती लागला. सुरू झाला, नवलच.
आर्ब्रोथचा किनारा, पदवीच्या झग्यात मी,
केक कापणारी मी, बर्फात पडलेली मी,
सेकंडहँड गाडी आणि तिच्या बॉनेटवर मी.
अठरा वर्षांत हेमांगी कुठेच नाही.
एका फोटोत फक्त, वाळूवर,
फोटो काढणारीची लांबट सावली
माझ्या पायांपर्यंत आलेली.

तरी मी तिला काही लिहिलं नाही.
माफी मागावी तर नेमकी कशाची?
आणि राग पुरता गेलाही नव्हता,
शिट्टी उचलल्यावरही कुकरच्या पोटात
थोडी वाफ उरते, तसा होता.
तिच्यासाठी आणलेली चिंतामणी रंगाची साडी
मीच एकदा घडी मोडून नेसले.
आरशात पाहिलं. रंग तिचाच होता.
परत घडी घातली, जमेल तितकी पहिल्यासारखी.

लग्नात कलश मोइराने धरला,
फार्मसीतली माझी वरिष्ठ, वय सदुसष्ट,
दुसऱ्याचं तान्हं बाळ घ्यावं तसा, श्वास रोखून.
दिवा बॅटरीचा, हॉलवाल्यांचा नियम.
मंगलाष्टकं फोनवर, मध्येच विम्याची जाहिरात.
अक्षता पडू लागल्या आणि मी
खाली घालायची मान वर करून पाहिलं.

तिसऱ्या रांगेत हेमांगी, करड्या कोटात, बसलेली.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या समोर.
हातात फोन नव्हता.
सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्या,
तिची मूठ अजून मिटलेलीच.
टाकल्या असतील नंतर. मला दिसलं नाही,
मधे कुणाचा तरी मुलगा उभा राहिला.

पंगत कसली, गोल टेबलं. ती मोइराला सांगत होती
मठ्ठा चमच्याने खायचा नसतो.
मला पाहून तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली.
"टेक जरा."
मी टेकले, मुंडावळ्या कानामागे सारून.
दोघींनीही तो विषय काढला नाही.
"जिलबी घे. मऊ पडतेय."
तिने ताट माझ्याकडे सरकवलं.
जरासंच.