दारफाळणी

रायबंदरला आमचं एकच घर.
बाकीचे रेवदंड्याकडे, किंवा विमानाने गेलेले.
वडील चोडणच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळत,
शनिवारची पाळी आग्नेलला देत
आणि नाताळात ती दुपटीने फेडत.

सणांची पुस्तकातली नावं उशिरा कळली.
आईकडे होता खिरीचा सण, नव्या तांदळाचा;
बिरड्याचा सण, यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचा,
ते पडणं वाल सोलता सोलता बोटांना कळायचं;
आणि अनाशी ढाकाचा: आंबवणाच्या मडक्यावर झाकण,
आठ दिवस पाव बंद.

त्या आठ दिवसांत मिंगेल पोदेर
आमच्या फाटकापाशी भोंगा मुठीत गच्च धरायचा,
सायकल हातात घेऊन पुढे जायचा,
आजारी माणसाच्या घरावरून जावं तसा.
मिसरातून निघताना पीठ फुगायला वेळ नव्हता,
वडिलांनी त्याला सांगितलं होतं.
भट्टीवाल्याला सांगायची गोष्ट नव्हे ही, तो म्हणाला.

दारफाळणीला मात्र सगळंच बंद.
दारं, शिंपल्यांच्या खिडक्या, पाण्याचा माठ.
पांढरे कपडे.
शिंपल्यांतून गाळून आलेला उजेड
भिंतीवरून दुधासारखा सरकायचा,
त्यावरून मी किती वाजले ते ओळखायचे.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
आमच्याकडे एक. एली धरला तर सव्वा.
तरी वडील सगळं म्हणायचे,
चुकांची यादीसुद्धा, 'आम्ही' म्हणून,
आम्ही न केलेल्या चोऱ्यांसकट.
छातीवर मूठ. नखांत इंजिनाचं तेल.

शेवटी शिंग फुंकायचं असतं.
शिंग काका लोदला घेऊन गेला होता.
तिथे आल्यावर वडील थांबायचे.
नुसतेच.

त्या वर्षी ते थांबले
आणि बाहेर
पों.

चर्चच्या चढणीला मिंगेलचं चाक पंक्चर झालं होतं.
एलीने दार उघडलं.
तीन तारे दिसत होते का, मी पाहिलं नाही.
वडिलांनी पाहिलं असेल.

"माफ कर, बाब, वेळ जालो."
वडील त्याच्याकडे बघतच राहिले.
"कितले दिवं?"
घरात आम्ही चौघं.
"धा," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला,
उरलेले सहा चहात बुडवून खाल्ले.
एक भिजलाच नाही.
तो एलीने कावळ्याला टाकला,
आणि कावळ्यानेही बराच वेळ विचार केला.