दाद

उलानबातरला जानेवारीत नऊला उजाडतं,
तेही धुरातून गाळून.
उबवणपेटीत मात्र सदतीस अंश.
अख्ख्या इमारतीत सुखी तेवढी तीच.

तिच्यात दुलमाच्या जठराचा तिळाएवढा तुकडा
मी पाच दिवस ठेवला होता,
मेंढीच्या रक्ताच्या लाल बशीत.
हे जंतू घाई करत नाहीत.
हवाही त्यांना बेताचीच लागते.

सहाव्या दिवशी ती स्वतःच आली,
भाच्याच्या ट्रकमधून, कोळशाच्या गोण्यांवर बसून.
म्हणाली, दाखव मला.
तीस वर्षं जळतंय, बघू तरी तोंड त्याचं.

नियमात बसत नाही.
मी काचेआडून दाखवलं.

दवासारखे बारीक ठिपके, बशीभर.
मध्ये पाच पांढऱ्या टिकल्या, प्रत्येकीत एक औषध.
औषध चाललं तर टिकलीभोवती रिंगण सुटतं, स्वच्छ.
एकीभोवती ऐसपैस होतं.
दुसरीभोवती नखाएवढं.
मेट्रोनिडाझोलच्या टिकलीला तर ते चिकटून बसले होते,
वादळात कळप तंबूच्या भिंतीला बसतो तसे,
उबेला.

औषधाला दाद देत नाहीत, असं आम्ही लिहितो,
जणू पहिल्या रांगेत हाताची घडी घालून
बसलेत कोणी.

ती बराच वेळ बघत राहिली.
'हे खातात काय?'
मेंढीचं रक्त.
'कुणाची मेंढी?'

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मग तिने त्या गोळीचं नाव विचारलं
आणि हसली. ओळखीची निघाली.
दाढेला घेतली होती, खोकल्याला,
सुनेच्या बाळंतपणानंतर, वासराच्या हगवणीला अर्धी कुटून.
बाजारात सुट्या मिळायच्या.
दोन घेतल्या की बरं वाटायचं,
उरलेल्या तंबूच्या कांबीत खोचायच्या, पुढच्या दुखण्याला.

'लांडग्यावर नेम चुकला,' ती म्हणाली,
'की तो बंदूक ओळखायला लागतो. पिल्लांनाही शिकवतो.'
मी म्हटलं, तसं नाही. हे शिकत नाहीत.
ज्यांना गोळी लागत नाही तेवढे उरतात,
आणि पोरं त्यांचीच होतात.
'मग लांडग्यांचं वेगळं काय असतं?'

खालच्या मजल्यावर डॉक्टरांनी तिला चार औषधं लिहून दिली,
चौदा दिवस. जीभ काळी पडेल, घाबरू नका.
एकही वेळ चुकवायची नाही,
बरं वाटलं तरी.
'बरं वाटलं तरी,' ती जिन्यात पुटपुटत होती,
जणू सगळ्यांत कडू गोळी हीच.

जायच्या आधी तिने थर्मास उघडला.
खारा चहा, दुधाची जाड साय,
एकच वाटी. आधी ती प्यायली, मग माझ्यापुढे धरली.
हे जंतू कसे पसरतात ते मी
विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते.
दोन्ही हातांनी घेतली. संपवली.

माझ्या खणात अर्धी स्ट्रिप आहे, सप्टेंबरपासून.
बरं वाटलं म्हणून थांबले होते.
आता पुन्हा जळतं, पहाटे जास्त.
ही गोष्ट मी पोटातच ठेवली आहे.

बशी पाचच्या वाफेला गेली.
नोंदवहीत लिहिलं: दुलमा, स्त्री, त्रेपन्न,
दोन औषधांना प्रतिरोध.
मेंढी कुणाची, याला रकाना नाही.
समासात एक प्रश्नचिन्ह काढलं, पेन्सिलीने,
खोडता यावं म्हणून.