ब्याण्णव किलो

ग्युमरीत जानेवारीत छपरावरचा बर्फ
ज्याचा त्यानं उतरवायचा असतो.
आदल्याच संध्याकाळी, मोज्यांच्या बंद कारखान्याच्या तळघरात,
मी एकशे साठ किलो जमिनीवरून उचलले होते
आणि नाझेलीनं माझा फोटो
येरेवानच्या मावशीला धाडला होता.

सकाळी शिडी घसरली.
छपराच्या पन्हळीला मी दोन हातांनी लोंबकळत,
फावडं खाली, टोपी खाली,
आणि छप्पर वर, हातभर अंतरावर.
ओढलं. नाही.
पाय झाडले, पुन्हा ओढलं. पन्हळ वाकली, मी तिथंच.
एकशे साठ उचलणाऱ्याला
ब्याण्णव उचलेनात.

शेजारचा श्मावोन कोंबड्यांना दाणे टाकत होता.
एकाहत्तर वर्षांचा, रेल्वेत रूळ तपासून निवृत्त झालेला.
त्यानं आधी दाणे संपवले,
मग शिडी आणली.
म्हणाला, "लोखंडाला मूठ असते, गारेगिन.
धरता यावं म्हणूनच घडवलंय ते.
तुला कुणी घडवलं, कुठं धरायचं,
हे तुलाच ठाऊक नाही."

त्याच्या अंगणात जर्दाळूच्या दोन झाडांमध्ये
पाण्याचा जुना पाइप आडवा बांधलेला.
तो रोज त्याला लटकतो,
वाळत घातलेल्या कोटासारखा, बिनघाईचा.
मलाही आठवडाभर नुसतं लटकवलं.
मग जोर. आधी बाकावर हात टेकून, मग जमिनीवर,
पाच मोजत खाली.
मी तीनलाच छाती टेकायचो.
"पडू नकोस," तो म्हणायचा, "उतर."

त्या दिवसांत मला एकेक बातमी कळत गेली.
डावा खांदा अंग चोरतो,
उजवा कित्येक वर्षं त्याचंही काम ओढतोय, बोभाटा न करता.
पोट तर जाड पट्ट्याआड
सरकारी नोकरीत असल्यासारखं झोपलेलं.
आणि एका पायावर बैठक मारायला गेलो तेव्हा
घोटा असा थरथरला
की शेगडीपाशी उभ्या अराक्सीचा खांदा धरावा लागला.
ती म्हणाली, "लग्नातल्या नाचातसुद्धा
इतका जवळ आला नव्हतास."

फेब्रुवारीत विजेचं बिल थकलं,
तळघराला तीन आठवडे कुलूप.
बाकीचे पोरगे दारापुढे सिगरेटी ओढत
लोखंडाची आठवण काढत उभे.
मी अंगणात.
माझं वजन माझ्याबरोबर आलेलं होतं,
नेहमीसारखंच,
फक्त आता आम्ही एकमेकांशी बोलत होतो.

लोखंड मी सोडलं नाही, गैरसमज नको.
कुलूप निघालं त्या सोमवारी पुन्हा गेलो.
एकशे साठ तेवढेच जड होते, किलोनं कमी नाहीत.
पण या वेळी पावलं जमिनीत कुठं रोवलीत
ते मला आतून कळत होतं,
पाठ एका दोरीनं बांधल्यासारखी एकसंध वर आली
आणि दोन वर्षं कुरकुरणारं कोपर
त्या संध्याकाळी काही बोललं नाही.
उद्याचं त्यालाच विचारा.

आता सोमवार-गुरुवार लोखंड,
मधल्या दिवशी पाइप.
पाइपाला चकत्या लावता येत नाहीत.
सोपं झालं की आणखी सावकाश करायचं,
एवढाच त्याचा हिशेब.
अराक्सीचे लाडू-पाव नव्हेत, पण जर्दाळूचा मुरंबा
वाटीनं खाल्ला की दुसऱ्या दिवशी
पाइप चुगली करतो.

चार होतात.
चौथ्याला हनुवटी वर जाते आणि क्षणभर
भिंतीपलीकडचं सगळं दिसतं:
काळ्या दगडांची घरं, आरागात्सचा पांढरा खांदा,
माझं छप्पर,
त्याची वाकलेली पन्हळ.
पाचव्याला मी मध्येच अडकतो,
ना वरचा ना खालचा,
आणि श्मावोन कोंबड्यांना सांगतो, "बघा, विचार करतोय."

अराक्सी म्हणते, पन्हळ तेवढी सरळ कर.
करीन.
शिडी नीट टेकवून.