डाव्या हाताचा समुद्र

एकतीस वर्षं मी या रस्त्यावर मिनिबस हाकली.
अमासराहून इनेबोलू, इनेबोलूहून अमासरा.
वळणं किती, मला सांगता येणार नाही,
मनगटांना विचारा.

समुद्र मात्र खिडकीशी बसणाऱ्यांचा.
माझ्या वाट्याला आरसा, गिअर, सुट्या पैशांचा डबा
आणि मागून कुणाचातरी आवाज,
"कप्तान, पुढच्या अक्रोडापाशी."
डोळ्यांत तेल घालून बघितला
तो फक्त डांबराचा काळा पट्टा.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मंगळवारी
मेहुण्याची जुनी जावा बाहेर काढली.
बायकोला म्हटलं, जरा बघून येतो.
काय बघून?
तू नवरी होऊन माझ्याच गाडीतून आलीस,
तेव्हा काचेला नाक लावून
जे बघत बसली होतीस, ते.

निघालो.
उजवीकडे डोंगर, डावीकडे ते.
मागे निळा धूर, पुढे कोवळं ऊन थेट डोळ्यांत.
रस्त्याच्या कडेनं ताडपत्र्यांवर हेझलनट वाळत पडलेले,
एक पोरगी अनवाणी पायांनी ते उलटे-पालटे करत होती,
हॉर्न न देता मी हळूच कडेनं गेलो.

कुरुजाशिलेत होड्या बांधतात.
एक अर्धीच उभी होती, फासळ्या उघड्या टाकून.
तिच्या पोटातून साफेत धावत बाहेर आला.
"कप्तान! बरं झालं आलास.
ही खिळ्यांची पिशवी जिदेत माझ्या भावाला दे."
साफेत, अरे, आज मी फिरायला निघालोय.
"मग वाटेतच आहे की."

गिदेरोसला खाडी वाडग्यासारखी गोल.
थांबणारच होतो,
तर मोडक्या थांब्यावर नाझ्मिये आजी,
हात वर.
तिनं बस शोधली, मला पाहिलं, जावाला पाहिलं.
"मागे जागा आहे?"
जिदेच्या दवाखान्यापर्यंत
माझा पट्टा तिनं बसच्या दांडीसारखा धरून ठेवला.
उतरल्यावर सवयीनं भाडं पुढे केलं.
मीही सवयीनं
सुटे परत दिले.

जिदेत खिळे पोचले, दोन चहा झाले,
आणि साफेतच्या भावजयीनं
टॉवेलात गुंडाळलेला एक गरम पाव
माझ्या पोटाशी, जाकिटाच्या आत खोचला.
दोआनयुर्तच्या ग्युलिझारला, बाळंतीण आहे ती,
थंड होऊ देऊ नकोस.

त्यापुढचा रस्ता दरडींनी कुरतडलेला.
मी डावीकडे बघायचं ठरवलं.
जमेना.
मान वळली की हँडलही वळतं,
आणि खाली शंभर हात कडा.
अर्धा दिवस सरला होता
आणि मी अजून डांबरच बघत होतो.

एक वळण आहे. तिथे थांबायला मनाई,
एकतीस वर्षं तिथे नुसता हॉर्न दिला.
तिथेच गाडी स्टँडवर लावली.
इंजिन बंद झालं तरी
हातांतली थरथर बराच वेळ चालू राहिली.

समुद्र काही करत नव्हता.
दूर एक मालवाहू जहाज, चिकटवल्यासारखं.
खाली लाट गोटे ओढत मागे जायची,
तो आवाज ऐकून मी चपापलो,
हुबेहूब माझा डबा,
चढावर मागे सरकणारी चिल्लर.
म्हणजे इतकी वर्षं
थोडा थोडा ऐकतच होतो की काय.

किती वेळ बसलो कोण जाणे.
पोटाशी पाव गरम होता.
एक कोपरा मोडला, कुणाला कळणार.
मग दुसरा, पहिल्याशी जुळावा म्हणून.
मग मध्ये काही उरलंच नाही.

दोआनयुर्तला पोचलो तेव्हा सूर्य आरशात होता.
ग्युलिझारच्या दारात
नीट घडी घातलेला टॉवेल दिला.
आत बाळ झोपलेलं.
तिनं घडी उलगडली, झटकली,
चुरा उंबऱ्यावर पडला.
"आणि पाव?"

मी डावीकडे बोट दाखवलं.