उर्वरित आयुष्य

टर्बाइन हॉलमध्ये आज चप्पल वाजते.
एरवी परळीच्या या छताखाली
माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात.
रोटर बाहेर ओढलाय, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलाय,
ताडपत्री पांघरून पडलाय.
सगळे त्याला वळसा घालून जातात.

मी लातूरहून आले.
पेटीत मेगर, खिशात विजेरी,
आणि सत्तावीस पानांचा फॉर्म.
शेवटच्या पानावर एकच रकाना:
उर्वरित आयुष्य, मोकळी रेघ, वर्षे.

आत जाण्याआधी अंगावरचं सगळं उतरवायचं.
दाराशी बसलेला पोरगा वहीत लिहितो:
बाई एक. बांगड्या चार. अंगठी एक. पेन, दोरी बांधलेलं.
एक नट जरी आत राहिला
तरी यंत्र तो विसरत नाही.

मग स्टेटरच्या पोटात रांगत शिरायचं.
रुक्मांगद पुढे, हातात पितळी हातोडी,
मी मागे, गुडघ्यांखाली रबरी चटई.
खाच पहिली, पाचर पहिली. टण्.
दुसरी. टण्.
तिसरी. टण्.
अकरावी, ढप.
“सैल,” तो म्हणतो.
मी लाल खडूनं फुली मारते.

चौतिसाव्या खाचेपाशी मला कळलं,
मी काही विचारलं की तो मान वळवून
माझ्या तोंडाकडे बघतो.
“दोन्ही कान गेलेत, बाई. ह्याच्याच बाजूला.
मी ऐकायलो नाही. बोटानं बघायलो.”
डाव्या हाताचं बोट पाचरीच्या टोकावर,
जात्यातून उतरलेलं पीठ
जाड की बारीक, हे बायका चिमटीत बघतात
तेवढं हलकं.

मेगर लावला.
पहिल्या मिनिटाचा आकडा लिहिला,
दहाव्याची वाट बघितली.
तेवढा वेळ कबुतरंसुद्धा गप्प.
भागाकार दीड.
दोन आला असता तर बरं झालं असतं.
गुंडाळीच्या टोकांवर पांढरी भुकटी,
रिंगेच्या कडेला गंजाचा ठिपका, मोहरीएवढा.

दुपारी लॉगबुकं.
चाललेले तास दोन लाखांच्या वर.
धरण आटलं ते वर्ष सगळं बंद,
पानापानावर एकाच अक्षरात एकच शेरा:
हीटर चालू. हीटर चालू. हीटर चालू.
मग पाऊस आला त्या महिन्यात
नऊ पानं कोरी.

मी कोऱ्या पानावर बोट ठेवलं.
बंद यंत्रात ओल शिरते, अभ्रकाच्या थरांत बसते.
चालण्यापेक्षा असं थांबणंच
त्याला जास्त म्हातारं करतं.

रुक्मांगदनं पान बघितलं, मग मला.
“हीटर जळला व्हता. मागणी लिवून दिली.
माल आलाच नाही.
मग घरून बल्ब आणले, दोनशेचे, सहा.
आत टांगले. रातच्याला येऊन बघून जायचो,
पेटलेत का.”

हे इथे का नाही लिहिलं?

“घरचे बल्ब सरकारी वहीत
कसे लिवावं, बाई?”

संध्याकाळी शेवटचं पान उघडलं.
रेघेवर पेन टेकवलं, उचललं.
आकडा हिशेबातून येईल, कार्यालयात, चार दिवसांनी.
खाली शेऱ्याच्या जागेत तेवढं लिहून टाकलं:
नऊ दिवस, सहा बल्ब, दोनशे वॅट,
रुक्मांगद फड यांच्या घरचे.

दाराशी पोरानं वही काढली.
बांगड्या चार. अंगठी एक. पेन एक.
“हातोडी?”
रुक्मांगदनं त्याचे ओठ वाचले,
हातोडी वर करून दाखवली.