तुमचा एजंट कोण?

फुजैराच्या बाहेरच्या नांगरावर आज एक्क्याऐंशी जहाजं.
मोजतो मी रोज खिडकीतून, चहा निवेपर्यंत.
येणाऱ्या प्रत्येकाला वायरलेसवर तेच विचारतात:
नाव काय, कुठून आलात, तुमचा एजंट कोण?
आणि एखादा गंजका टँकर,
ज्याला स्वतःचं नाव धड उच्चारता येत नाही,
तोही ठणकावून सांगतो आमच्या कंपनीचं नाव.

म्हणजे मी.
अठरा वर्षं जहाजांचा एजंट आहे.
गोडं पाणी, कांदे, पंपाचा सुटा भाग,
एका खलाशाची अक्कलदाढ
माझ्याच गाडीतून दवाखान्यात गेली, खलाशासकट,
आणि परतली त्याच्या खिशातून, रुमालात.
ज्यांचा पाय किनाऱ्याला लागत नाही
त्यांच्या वतीने मी बोलतो, हुज्जत घालतो,
एका शिक्क्यासाठी उगाच हसतो.

मला मात्र एजंट मिळत नाही.

एक मिळाला होता, चिपळूणला,
एसटी स्टँडसमोरचा जिना चढून.
पंचेचाळीस हजार घेतले, पासपोर्ट ठेवून घेतला,
म्हणाला, काम काय ते तिकडे गेल्यावर कळेल.
आईने वर त्याला नारळ दिला, आमच्याच झाडाचा.
तेव्हापासून घरात एजंट म्हटलं की आवाज खाली येतो.
बायकोला सांगितलं, पुस्तकासाठी एजंट शोधतोय,
तर म्हणाली, किती मागतोय?
आधी काहीच घेत नाहीत गं,
विकलं गेलं तर शंभरातले पंधरा.
"मग नक्कीच फसवणारा,"
आणि कोळंबी सोलत राहिली.

चारशे बारा पानं. रद्द मालयाद्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर.
दिल्लीच्या बाईंनी कळवलं: पहिली तीन प्रकरणं पाठवा,
आणि सगळी गोष्ट एका पानात.
लंडनच्या गृहस्थांनी विचारलं, ही भाषा बोलतात किती जण?
आठ कोटी, मी लिहिलं.
उत्तर नाही. आठ कोटी कमी पडले बहुतेक.
पुण्याचे प्रकाशक फोनवर हसले:
अहो, मधे माणूस कशाला? तुम्हीच या ना दिवाळीनंतर,
कागदाचा खर्च तेवढा बघू.

एका पानात.
तसं मी रोजच करतो, अख्खं जहाज एका पानात:
लांबी, पाण्याखालची खोली, माल, माणसं तेवीस, आजारी कोणी नाही.
पण तेविसातला एक जण रात्री डेकवर
वाट चुकलेल्या कबुतराला भात घालतो,
ते कुठल्या रकान्यात भरू?

मार्चमध्ये एका जहाजावर सेकंड इंजिनिअर निघाला देवगडचा,
प्रसन्न मिठबावकर. नऊ दिवस अडकलेला.
दिलं त्याला वाचायला.
परत आलं तेव्हा कडांना ग्रीसची बोटं.
"सरगुरोहसाहेब, रडलोबिडलो नाही हां मी.
पण एकशे सत्तराव्या पानावर जेवणाची घंटा दोनदा गेली."
मग खाली बघत,
"तेवढी पानं फोटो काढून बायकोला पाठवू?"
पंधरा टक्के मागितले नाहीत त्याने.
लिंबाचं लोणचं मागितलं, दोन बरण्या.
त्या मी जहाजाच्या यादीत घुसवल्या.

काल रात्री पुन्हा बसलो, कोलकात्याच्या कुणा बाईंना लिहायला.
"आदरणीय"च्या पुढे सरकेना.
कोपऱ्यात वायरलेस चालूच होता, सवयीने.
दीडच्या सुमारास एक कोवळा आवाज,
नाव सांगितलं, बंदर सांगितलं,
तुमचा एजंट कोण म्हटल्यावर अडखळला.
"अजून कोणी नाही.
नांगर टाकू का?"
बराच वेळ नुसती खरखर.
मग कंट्रोलवाला, जांभई आवरत:
टाका.
उत्तरेकडे जागा आहे.